तिसऱ्या पानावर थांबायचं

ज्वारी काढायला आली की आमच्या घरात सगळ्यांचे हात सारखे होतात. आबांचे, मायचे, माझे. ताट मुठीत धरून उपटायचं, मुळाची माती पायावर झटकायची, आडवं टाकायचं. पहिल्या दिवशी तळवे लाल होतात, दुसऱ्या दिवशी फोड येतात आणि तिसऱ्या दिवशी माय जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून सगळ्यांच्या हाताला बांधते. धारूरच्या घाटाखाली आमची दीड एकराची पट्टी आहे. ती उरकली की आमचं खरं काम सुरू होतं, कारण आम्ही मेंढरंवाले. भोवतालची रानं रिकामी होतात आणि आबा मेंढरं घेऊन निघतात.

यंदा मी चार दिवसांसाठी गावी आले आहे. एरवी बीडला असते, बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. हाताला पट्टी आहे, पेन नीट धरता येत नाही, तरी लिहायला बसले आहे. वाळलेल्या पात्यांचा वास आला की मला गेल्या वर्षीची ज्वारी आठवते आणि त्या ज्वारीबरोबर एक युद्धबंदी आठवते. ती इतकी लांबची होती की तिचा माझ्याशी काही संबंध असायला नको होता. हे मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

ज्वारी हुरड्यात असताना, जानेवारीत, गाझात युद्धबंदी झाली. मी सुट्टीला घरी होते. मोबाईलवर एक व्हिडिओ आला. समुद्राच्या कडेचा रस्ता आणि त्यावरून उत्तरेकडे चाललेली माणसं, संपतच नव्हती. डोक्यावर गाद्या, कडेवर मुलं, गाढवांच्या गाड्या. आबांनी मोबाईल हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला.

"कुठं चालली ही?"

"घरी, आबा. परत."

"गाढवं चांगली हायत." मग बराच वेळ बघून म्हणाले, "मेंढरू दिसंना एक बी." मग आणखी थोड्या वेळानं, "घरं हायत का पण?"

"न्हाईत. पडलीत सगळी."

"मग कावून चाललीत?"

माय चुलीपुढून म्हणाली, "जागा तर तिथंच हाय की. तुमी न्हाई का दरसाल त्याच बांधाला जाऊन बसत?"

दुसऱ्या व्हिडिओत ओलीस ठेवलेली एक इस्रायली मुलगी सुटून आली होती आणि तिची आई तिला सोडतच नव्हती. माय मागून वाकून बघत होती. "लई वाळलंय लेकरू," म्हणाली. कुठल्या देशाचं, ते तिनं विचारलं नाही.

मी हे सगळं लक्ष देऊन बघत होते त्याला एक कारण होतं. आमच्या कॉलेजातून आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेला मी आणि शाहीन जाणार होतो. फेब्रुवारीत, अंबाजोगाईला. विषय आला होता, 'युद्धबंदी ही शांततेची सुरुवात असते.' वादविवादाला दोघांचा संघ लागतो, एक अनुकूल बाजूनं बोलतो, एक प्रतिकूल. आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. शाहीनला अनुकूल आली, मला प्रतिकूल. म्हणजे युद्धबंदीतून शांतता येते, हे तिनं सांगायचं. येत नाही, ती मोडते, हे मी सांगायचं. मला मनातून तसं वाटत नव्हतं. पण स्पर्धेत आपल्याला काय वाटतं हे कुणी विचारत नाही.

शाहीनविषयी सांगायचं राहिलं. पहिल्या वर्षी मी सोमवारी गावाहून थेट वर्गात यायचे. अंगाला मेंढरांचा वास यायचा. मुली बाक बदलायच्या, आणि मला ते कळत नाही असं त्यांना वाटायचं. शाहीन एकदा येऊन शेजारी बसली. तिचे अब्बू टेलर आहेत, बीडमध्ये बसस्टँडपासून जवळच त्यांचं दुकान आहे. ती म्हणाली, "आमच्या दुकानात दिवसभर कोऱ्या कापडाचा वास असतो, डोकं दुखतं माझं. हा बरा आहे." मग दप्तर उघडून तिनं मला बडीशेप दिली. आमची मैत्री अशी बडीशेपेपासून झाली.

आणि सर. आमचे राज्यशास्त्राचे सर. बारावीनंतर आबा मला पुढं शिकवायला तयार नव्हते. सरांनी मला एका वक्तृत्व स्पर्धेत ऐकलं होतं, आणि ते ज्या गावचे, त्या शिवारात तेव्हा आमची मेंढरं बसलेली होती. सर मोटरसायकल बांधावर लावून ढेकळांतून चालत आमच्या तळावर आले. घोंगडीवर मांडी घालून बसले, शेळीच्या दुधाचा चहा प्याले आणि आबांना म्हणाले, "पोरगी बोलती चांगली. तिला गप बसवू नका." तो दिवस मी कधी विसरले नाही. आजही विसरलेले नाही. म्हणूनच पुढचं लिहिणं अवघड जातं.

तीन आठवडे आम्ही तयारी केली. कॉलेजमागच्या लिंबाखाली ओटा आहे, तिथं. शाहीननं तिचं भाषण कार्डावर नाही, लांब पानांवर लिहिलं होतं. चार पानं. तिसऱ्या पानावर दोन आया होत्या, दोन्हीकडच्या. एक आई सीमेवरून येणाऱ्या गाडीची वाट बघते, ओलीस ठेवलेला तिचा मुलगा भुयारातून सुटला आहे. दुसरी आई बसची वाट बघते, तिचा मुलगा तुरुंगातून सुटला आहे. दोघींनी सकाळपासून काही खाल्लेलं नाही. दोघींनी मुलाच्या आवडीचं रांधून ठेवलं आहे. 'त्या दिवशी त्या दोघी एकमेकींच्या शत्रू होत्या का?' असं विचारून शाहीन थांबायची. चार श्वास. मी समोर बसून मोजायचे.

सर म्हणाले, "एवढं थांबू नकोस. सात मिनिटं असतात. पाचव्याला पहिली घंटा वाजते."

"सर, ते चार श्वास माझ्याच सात मिनिटांतले आहेत," शाहीन म्हणाली. "मी देते ते."

सर हसले. "वकील हो तू."

माझ्या भाषणात असं काही नव्हतं. मी आधीच्या करारांची यादी केली होती. कुठले करार झाले, कसे मोडले, सह्या कुणी केल्या आणि सह्या करताना कुणाला बोलावलंच नव्हतं. शाहीनला ते वाचून दाखवलं की ती गाल फुगवून म्हणायची, "संगी, तू तर माझं पोट बिघडवलंस. सगळं खरं आहे गं हे. पण तू हरायला पाहिजेस."

"हरते की तुझ्यासाठी."

"खबरदार. मी जिंकणार, पण तू बी जिंक."

स्पर्धेच्या दोन दिवस आधी सरांनी मला एकटीला बोलावलं. स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं. सर टेबलावरची टाचणी उचलत होते, ठेवत होते.

"शाहीनऐवजी वैभव येईल," सर म्हणाले.

वैभव आमच्याच वर्गातला. आवाज चांगला, गणपतीत सूत्रसंचालन करतो.

मी विचारलं, "का सर?"

"वरून सांगितलंय. विषय नाजूक आहे. तिच्या तोंडून बरं दिसणार नाही म्हणतात."

"पण सर, ती तर शांततेच्या बाजूनं बोलणार आहे. दोन्हीकडच्या आया आहेत तिच्या भाषणात."

"मला माहीत आहे गं. मी वाचलंय ना. पण लोक भाषण नंतर ऐकतात, नाव आधी ऐकतात." मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाषण तेच राहील. वैभव पाठ करेल. तू तिची मैत्रीण आहेस, तू तिला नीट समजावून सांग. माझ्यापेक्षा तुझ्याकडून बरं."

मी हो म्हणाले. नाही म्हणता आलं असतं का, हे मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं. खोटं कशाला बोलू, त्या वेळी माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की माझं नाव तर आहे ना.

त्या दिवशी दुपारी शाहीन ओट्यावर बसली होती. अब्बूंनी स्पर्धेसाठी नवा कुर्ता शिवायला घेतलाय, पांढरा, बाह्यांना निळी किनार, असं सांगत होती. मी म्हणाले, छान. दुसऱ्या दिवशी म्हणाली, काजं करायची राहिलीत, अम्मी करतेय. मी म्हणाले, छान. दोन दिवसांत मी दोनदा छान म्हणाले.

आबांची एक रीत आहे. ती लहानपणापासून ऐकत आले, पण तेव्हा ती मेंढरांपुरतीच वाटायची. शेतकरी आपलं रान खतवायला मेंढरं बसवून घेतो. कागद नसतो, शब्द असतो. पण शब्द देऊन मन बदललं तर मालकानं स्वतः यायचं, उजेड असताना यायचं आणि आम्ही मेंढरांभोवती जाळी लावायच्या आधी यायचं. गड्याच्या हातानं निरोप धाडायचा नाही. आबा म्हणतात, "न्हाई म्हणायला लाज वाटू न्हाई. पर जाळी लागली की मेंढरू बसतंय. बसलेलं उठवलं की मग ते कुठंबी बसंना, बावरतंय."

स्पर्धेच्या दिवशी सकाळी बीडच्या बसस्टँडवर अंबाजोगाईच्या फलाटाशी सर उभे होते. वैभव शेजारी, हातात शाहीनच्या भाषणाची झेरॉक्स, ओठ हलवत पाठ करत होता. मी थोडी लांब उभी. आणि समोरून शाहीन आली. नवा कुर्ता, निळी किनार. अब्बू स्कूटर लावून तिच्या मागून येत होते, त्यांच्या हातात डब्याची पिशवी. मला वाटलं जमीन फाटली तर बरं होईल, आणि जमीन काही फाटत नाही.

अब्बू सरांकडे गेले. "सलाम सर. एक अर्ज है. बच्ची को पानी जरा कोमट देना, उसका गला जल्दी पकडता."

सरांनी बसच्या पाटीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "संगीता, तू हिला सांगितलं नाहीस?"

एवढंच. रागावले नाहीत. मी विसरल्यासारखं, मी आळस केल्यासारखं. आणि त्या एका वाक्यानं ते सगळं सरांचं राहिलं नाही, माझं झालं.

शाहीननं माझ्याकडे बघितलं, मग वैभवच्या हातातल्या पानांकडे. अक्षर तिचंच. तिला काही विचारावं लागलं नाही. अब्बूंना अजून कळलं नव्हतं. ते हसऱ्या चेहऱ्यानं एकेकाकडे बघत होते, पिशवी पुढं धरून. शाहीननं त्यांच्या हातातून पिशवी घेतली आणि वैभवकडे गेली.

"तिसऱ्या पानावर थांबायचंय," ती म्हणाली. "आया झाल्या की. चार श्वास. तिथं घाई करू नको."

वैभव म्हणाला, "बरं बरं."

मग तिनं डबा माझ्या हातात दिला. "अम्मीनं सगळ्यांसाठी दिलाय." आणि अब्बूंचा हात धरून ती निघाली. मी बसमध्ये चढले. हे मला लिहायलाच हवं, की मी बसमध्ये चढले. बस केजच्या रस्त्याला लागली तेव्हा दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, भरलेली, कणसं वाकलेली, आणि पोरं माळ्यावर उभी राहून पाखरं हाकत होती. मी सगळ्या रस्त्यात डबा मांडीवर धरून बसले. कुणी उघडला नाही.

वैभव थांबला नाही. पहिली घंटा होईल या भीतीनं त्यानं दोन्ही आया एका दमात संपवल्या आणि प्रश्नावरून धावत पुढच्या पानावर गेला. मी मात्र चांगली बोलले. इतकी चांगली मी आधी कधी बोलले नव्हते. ही युद्धबंदी टिकणार नाही, मी म्हणाले, कारण ज्यांच्या घरावरून ती झाली त्यांना कुणी विचारलेलं नाही. सभागृहात टाळ्या पडल्या. मला वैयक्तिक पहिलं बक्षीस मिळालं. सरांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला.

नंतर मार्च आला. आमची ज्वारी काढून झाली होती, पेंढ्या बांधायच्या राहिल्या होत्या. एका सकाळी मोबाईल उघडला तर गाझावर पुन्हा बाँब पडायला लागले होते. पहाटे, लोक सहेरीला उठायच्या वेळी. रमजान चालू होता. जे रस्त्यानं गाद्या घेऊन परत गेले होते, ते तिथंच होते, पडक्या घरांत कापडं बांधून बसलेले. अजून न सुटलेल्या ओलिसांच्या आया रस्त्यावर येऊन ओरडत होत्या की आमची मुलं आत आहेत. मी पेंढीवर बसून हे वाचलं. आबांनी विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं.

आबा म्हणाले, "बसलेलं उठवलं म्हण की."

कॉलेजात गेले तर मुलं म्हणाली, "संगे, तू म्हणालतीस तसंच झालं की गं!" पोरी टाळी द्यायला हात पुढं करत होत्या. सर वऱ्हांड्यात भेटले आणि कौतुकानं म्हणाले, "तुझा मुद्दा खरा ठरला." मला जे वाटत नव्हतं ते मी बोलले होते, आणि जगानं ते माझ्या नावावर खरं करून दिलं. शाहीनचा बाक रिकामा होता. तिनं वर्षाची परीक्षा दिली, मग नाव काढलं. बाहेरून करते आता, असं कुणीतरी सांगितलं. मी तिला मेसेज लिहायचे आणि पुसायचे. तिच्या गल्लीवरून जायचं असलं की मी लांबून वळसा घालायचे. बीड तसं लहान गाव आहे. वळसा घालून घालून मला त्यातले सगळे बोळ पाठ झाले.

यंदा पुन्हा युद्धबंदी आहे. पावसाळा सरता सरता झाली. कागदावर आहे, मोठमोठ्या लोकांनी हात मिळवतानाचे फोटो आहेत, आणि बातमीत रोज तिथं कुणीतरी मेलेलं असतं. हुरड्याच्या दिवसांत सरांनी मला परत बोलावलं. स्पर्धेचं पत्रक टेबलावर होतं.

"यंदा बाजू तू निवड," सर म्हणाले. "प्रवेशिका परवा पाठवायची."

मी म्हणाले, "सर, मी येणार नाही. तुम्ही नाव पाठवायच्या आधी सांगायला आले."

"का?"

"शाहीनचं नाव असतं तर आले असते."

सरांनी पत्रकाची घडी घातली. मग हळूच म्हणाले, "तुझ्यासाठी मी ढेकळांतून तुमच्या तळावर आलो होतो, संगीता."

"हो सर. स्वतः आला होतात," मी म्हणाले. "तिच्याकडे मात्र मला पाठवलंत."

सरांचे डोळे मला बघवले नाहीत. ते वाईट माणूस नाहीत. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं.

तिथून मी वळसा न घालता गेले. दुपारचे दोन वाजले असतील. दुकानात अब्बू कापड कापत होते. "आओ बेटी," म्हणाले, जसं काही झालंच नाही. स्टूल पुसून दिलं. ते पुसणं मला फार लागलं. आत शाहीन मशीनवर बसली होती, समोर कुणाच्यातरी शाळेचे गणवेश. माझ्याकडे बघून तिनं पाय थांबवला.

मी उभ्यानंच सांगितलं. मला दोन दिवस आधी माहीत होतं. सरांनी तुला सांगायला सांगितलं होतं. मी सांगितलं नाही. तू कुर्त्याचं बोलत होतीस तेव्हा मला माहीत होतं.

ती म्हणाली, "मला सरांचा राग नाही आला, संगी. त्यांना नोकरी आहे, वरचे लोक आहेत, घाबरायला पुष्कळ आहे. तुला काय होतं?"

माझ्याकडे करारांची अख्खी यादी होती, कोण कसं फिरलं त्याची. त्यात माझं नाव लिहायचं राहिलं होतं.

बाहेर रिक्षावाला कुणाला तरी ओरडत होता, "ए बाबा, सरक की जरा." अब्बूंनी कात्री खाली ठेवली.

शाहीननं विचारलं, "वैभव थांबला होता का?"

"नाही."

"वाटलंच मला."

मग तिनं गणवेशाची बाही मशीनखाली सरकवली, आणि बाहीकडेच बघत, हळू, जसं लिंबाखाली म्हणायची तसं म्हणाली, "दोघींनी सकाळपासून काही खाल्लेलं नाही. दोघींनी मुलाच्या आवडीचं रांधून ठेवलंय. त्या दिवशी त्या दोघी एकमेकींच्या शत्रू होत्या का?"

आणि थांबली. मी मोजायला लागले. सवयच होती. एक, दोन, तीन. चौथ्या श्वासानंतर चौथं पान होतं, ते मला तोंडपाठ होतं. तिथं ती मान वर करून समोर बघायची.

चार श्वास झाले. तिनं मान वर केली नाही. पायानं मशीन सुरू केलं.